सुरुवात मटणापासून नव्हे, कोंबडीपासून करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही नोकरीनिमित्त पुण्यात राहता आणि काही काळापासून व्हीगन, म्हणजे दूध-अंड्यांसह कोणताही प्राणिजन्य पदार्थ नसलेला, आहार घेता, घर मात्र कोल्हापूरकडचे, जिथे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय रविवार साजरा होत नाही. सुटीला घरी गेल्यावर प्राण्यांच्या हालांचा विषय काढला की वडील "वनस्पतींनाही जीव असतोच की" म्हणतात, काका "ही शुद्ध शाकाहारवाल्यांची खुळं आपल्या घरात नकोत" म्हणून उठून जातात आणि आजी परसातल्या कोंबड्यांकडे बोट दाखवून "यांचे काय हाल करतो आपण, सांग" असे विचारते. मांसाहारी माणसाला या विषयाचा गंभीरपणे विचार करायला कसे लावावे, हे तुम्हाला हवे आहे.

मी पशुवैद्यक आहे. नोकरीचा बराचसा काळ कुक्कुटपालन आणि दुग्धव्यवसाय यांत गेला आणि त्यानंतर प्राणिकल्याणाच्या कामात आले. या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की आपल्याकडे हा विषय बहुतेक वेळा चुकीच्या टोकाकडून काढला जातो. तो मटणापासून सुरू होतो आणि दुधापाशी येऊन गप्प बसतो. ज्या प्राण्यांचे हाल सर्वांत जास्त आहेत आणि ज्यांची संख्याही सर्वांत मोठी आहे, ती कोंबडी या चर्चेत कुठेच नसते. तुम्ही सुरुवात तिथून करावी, असे मी सुचवेन.

त्याआधी काकांच्या बोलण्याकडे नीट पाहायला हवे, कारण त्यांचा राग निराधार नाही. महाराष्ट्रात मांसाहार सोडा असे सांगणारा आवाज पिढ्यान्‌पिढ्या प्राण्यांच्या बाजूने आलेला नाही. तो शुचितेच्या आणि जातीच्या उंचवट्यावरून आला आहे. मुंबईत मांसाहारी कुटुंबांना भाड्याने घर नाकारणाऱ्या सोसायट्या, २०१५ मध्ये पर्युषणाच्या काळात मुंबईतल्या मांसविक्रीवर घातलेल्या बंदीवरून पेटलेला वाद, २०२५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा काढलेला आदेश, या सगळ्यांत कोंबडी किंवा बोकड यांच्या वेदनेचा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कुणाचे ताट विटाळलेले आणि कुणाचे पवित्र, एवढाच तो मामला होता. ज्यांच्या पूर्वजांना खाण्यावरून गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांना तुमचे बोलणे त्याच सुरात ऐकू येणार, आणि तो त्यांचा दोष नव्हे. म्हणून घरात बोलताना सात्त्विक, तामसी, पाप, शुद्ध असले शब्द कटाक्षाने टाळा. तुमचा मुद्दा प्राण्याला होणाऱ्या वेदनेचा आहे, आणि त्या मुद्द्यावर दूध-तूप खाणारा शाकाहारी माणूस तुमच्या काकांपेक्षा वर बसत नाही, हे आधीच स्पष्टपणे सांगून टाका. निम्मा विरोध तिथेच मावळतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता कोंबडीविषयी. दुकानात मिळते ती ब्रॉयलर कोंबडी मारली जाते तेव्हा तिचे वय पाच ते सहा आठवड्यांचे असते. अंड्यातून बाहेर पडताना चाळीसएक ग्रॅमचे असलेले पिल्लू एवढ्या दिवसांत दोन किलोंच्या पुढे जाते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही जात तशी घडवली आहे. शरीर इतक्या वेगाने वाढते, मात्र हाडे आणि हृदय त्या वेगाने वाढत नाहीत. शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये शिरले की काही पक्षी पाय फाकवून बसलेले दिसतात. खाद्याच्या भांड्यापर्यंत जायला ते पंखांचा आधार घेत सरकतात. काहींच्या पोटात पाणी झालेले असते. काही धडधाकट दिसणारे पक्षी अचानक उलथून पडून मरतात. खालचा भाताचा तूस बॅच संपेपर्यंत तोच असतो, त्यामुळे हवेत अमोनियाचा उग्र दर्प असतो आणि बसून राहणाऱ्या पक्ष्यांच्या छातीवर व तळपायांवर जखमा होतात. हे सगळे नीट चालवलेल्या शेडमधले वर्णन आहे. शेतकरी रोज सकाळी मेलेले पक्षी वेचून 'मरतूक' वहीत लिहितो, आणि ती ठरावीक टक्क्यांच्या आत असली की बॅच चांगली गेली असे सगळे मानतात.

माल उचलण्याचे काम बहुधा रात्री होते, कारण अंधारात पक्षी शांत असतात. पकडणारी मुले वजनावर किंवा नगावर पैसे घेतात, म्हणून हात भराभर चालतात. एकेका हातात चार-पाच पक्षी एका पायाने उलटे धरून क्रेटमध्ये कोंबले जातात. इतक्या जड शरीराचा भार एका पायावर आला की मांडीचा सांधा निखळतो, पंख मोडतो. हे दुखणे घेऊनच तो पक्षी पहाटेपर्यंत टेम्पोत असतो आणि पुढे दुकानाच्या पिंजऱ्यात. दुकानात काय होते ते तुमच्या वडिलांनी शेकडो वेळा पाहिलेले आहे : काट्यावर वजन, मानेवर सुरी, मग झाकणाचा ड्रम आणि आतली फडफड थांबेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलणे. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या नियमांत एका प्राण्याची कत्तल दुसऱ्या प्राण्यासमोर करू नये असे म्हटले आहे. चिकनच्या दुकानातला पिंजरा कुठे ठेवलेला असतो, ते आठवून पाहा.

अंड्यांचा धंदा मला याहून कठोर वाटतो, कारण तिथे दुःख दिवसांत नव्हे तर महिन्यांत मोजावे लागते. अंडी देणारी लेयर कोंबडी सुमारे दीड वर्ष तारेच्या पिंजऱ्यात काढते. एका पिंजऱ्यात अनेक कोंबड्या असतात आणि एकीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी चारशे ते साडेचारशे चौरस सेंटिमीटर जागा येते. तुमच्या कार्यालयातल्या ए-फोर कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर असते. कोंबडीला अंडे घालण्यापूर्वी आडोसा शोधायचा असतो, मातीत लोळायचे असते, रात्री उंचावर बसायचे असते. यांतले काहीही तिला करता येत नाही. पंख पूर्ण पसरणेही शक्य नसते. एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच तापलेल्या पात्याने चोचीचे टोक कापलेले असते. जिच्या रानातल्या पूर्वजा वर्षाला दहा-पंधरा अंडी घालत, ती आता तीनशेच्या आसपास घालते, आणि कवचासाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून देते. म्हणूनच शेवटी पिंजऱ्यातून ओढून काढताना तिची हाडे मोडतात. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ मधल्या २६९ व्या अहवालात याच विषयाचा ऊहापोह करून नियम सुचवले होते. पिंजरे मात्र बहुतेक ठिकाणी आहेत तिथेच आहेत.

लेयर जातीची निम्मी पिल्ले नर असतात. ती अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखी वजनही घेणार नाहीत, म्हणून हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, त्यांची किंमत जवळजवळ शून्य असते आणि पहिल्याच दिवशी त्यांना मारून टाकण्याची पद्धत जगभर आहे. जर्मनीने २०२२ पासून कायद्याने ती थांबवली. आपल्या जत्रांत आणि आठवडी बाजारांत लाल-हिरव्या रंगांत बुडवून विकायला ठेवलेली पिल्ले तुम्ही लहानपणी पाहिली असतील, कदाचित हट्टाने घेतलीही असतील; ती बहुधा हीच, हॅचरीने टाकून दिलेली नर पिल्ले असतात. आठवड्याभरात ती का मरतात, याचा उलगडा त्यातून होतो.

आता हिशेब मांडू, कारण कोल्हापूरकडच्या माणसाला हिशेब पटतो. एका बोकडाचे साधारण दहा-बारा किलो मटण मिळते, तर एका ब्रॉयलरचे सव्वा ते दीड किलो चिकन. चार-पाच माणसांच्या घरात दर रविवारी किलोभर मटण आणले तर वर्षाला साधारण पाच बोकड लागतात. तेवढेच चिकन आणले तर कोंबड्या पस्तीस-चाळीस लागतात. शिवाय बोकड बहुतांशी मेंढपाळाबरोबर किंवा शेतकऱ्याच्या दारात वाढलेला, मोकळा चरलेला असतो. कोंबडीने सूर्यप्रकाश कदाचित फक्त टेम्पोतून पाहिलेला असतो. डॉक्टर कोलेस्टेरॉलसाठी मटण बंद करून चिकन खायला सांगतात, तेव्हा त्या घरामुळे मरणाऱ्या जीवांची संख्या सातपट-आठपट होते, आणि प्रत्येकाचे आयुष्य आधीपेक्षा वाईट असते. अंड्यांचेही तसेच : आठवड्याला दोन डझन अंडी म्हणजे वर्षाला सुमारे साडेबाराशे, म्हणजे चार कोंबड्यांचे पिंजऱ्यातले पूर्ण वर्ष. २०१९ च्या पशुगणनेत देशात कोंबड्या आणि इतर पाळीव पक्षी मिळून संख्या ८५ कोटींच्या वर भरली, तीही एका वेळची. ब्रॉयलरच्या शेडमध्ये वर्षाला पाच-सहा बॅच निघतात, हे लक्षात घेतले म्हणजे वर्षभराचा आकडा कुठे जाईल याची कल्पना येते.

म्हणून घरच्यांनी एकदम व्हीगन व्हावे असे म्हणू नका. पहिली विनंती अंडी आणि चिकन यांच्यापुरती करा, रविवारचे मटण तूर्त आहे तसे राहू द्या. व्हीगन वर्तुळात माझ्या या सल्ल्यावर नाराज होणारे लोक आहेत. त्यांना ही तडजोड वाटते. मला ती प्राधान्यक्रमाची बाब वाटते. दवाखान्यात चार रुग्ण एकदम आले तर जास्त गंभीर असलेल्याला आधी आत घेतात. शिवाय मटण हा सणावाराचा, पाहुणचाराचा, जत्रेचा पदार्थ आहे. त्याला हात घातलात की तुम्ही घराच्या ओळखीला हात घातला असे वाटते. चिकन आणि उकडलेली अंडी यांच्याभोवती अशी भावना फारशी नाही, ती केवळ सोय म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत घरात आली.

दुधाविषयी मात्र तुम्ही आडपडदा ठेवू नये, नाहीतर काकांचा आक्षेप पुन्हा खरा ठरेल. गाय असो वा म्हैस, वासरू झाल्याशिवाय दूध नाही, आणि जन्मणारी निम्मी वासरे नर असतात. २०१९ च्या त्याच गणनेत गोवंशातल्या माद्या सुमारे साडेचौदा कोटी आणि नर पावणेपाच कोटींच्या आसपास होते; म्हशींच्या जातीत तर एकूण अकरा कोटींच्या घरात नर एक कोटीलाही पोचत नव्हते. निसर्ग समसमान जन्म देतो, तर हे नर गेले कुठे, असा प्रश्न घरात नुसता विचारून पाहा. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि रेतन सुईने होऊ लागले, तेव्हा गोऱ्ह्याला गोठ्यात काम उरले नाही. तबेल्यातल्या पारड्याला म्हैस पान्हावण्यापुरते लावतात, मग बाजूला बांधतात; ते खंगून मरते तेव्हा त्याला कुणी मारले असे होत नाही, ते 'गेले' एवढेच म्हटले जाते. अशा पारड्यांचे शवविच्छेदन केल्यावर पोटात दुधाचा थेंब सापडत नाही, मूठभर माती आणि सुतळीचे तुकडे सापडतात. म्हशी भाकड झाल्या की कत्तलखान्यात जातात, आणि देशाची मांस-निर्यात मुख्यतः याच म्हशींवर उभी आहे. गायीबाबत १९७६ चा कायदा आणि त्याला बैल-वळूंपर्यंत नेणारी २०१५ मध्ये अमलात आलेली दुरुस्ती यांमुळे महाराष्ट्रात कत्तलीला बंदी आहे. मात्र भाकड जनावराला पोसण्याचा खर्च कायद्याने कुणावरही टाकलेला नाही, तो एकट्या शेतकऱ्यावर पडतो, आणि मग जनावर रस्त्यावर येते. तेव्हा दुधाचा चहा पिऊन मटणवाल्याला नावे ठेवणाऱ्या माणसाला या चर्चेत न्यायाधीशाची खुर्ची देऊ नका.

वडिलांचा मुद्दा, की वनस्पतींनाही जीव असतो, हा बहुधा वाद संपवण्यासाठी काढलेला असतो. तरी त्याला सरळ उत्तर आहे. वेदना जाणवण्यासाठी लागणारी मज्जासंस्था आणि मेंदू वनस्पतीला नाहीत, कोंबडीला आहेत; लंगड्या कोंबडीला वेदनाशामक दिले की ती बरी चालू लागते, हे आम्ही व्यवहारात पाहतो. आणि वनस्पतींचीच काळजी असेल तरीही उत्तर तेच येते, कारण ब्रॉयलरचे एक किलो वजन वाढवायला दीड किलोहून अधिक मका आणि सोयापेंड लागते, आणि त्या वजनातली पिसे, हाडे, आतडी खाल्ली जात नाहीत. लातूर-अकोल्याच्या सोयाबीनची पेंड कोंबडीला घालून मग कोंबडी खाण्यापेक्षा सोयाबीन थेट खाल्ले तर रोपेही कमी कापावी लागतील. हे एकदा शांतपणे सांगा आणि पुढे जा. या मुद्द्यावर तासभर घालवण्यात अर्थ नाही.

आरोग्याचा मुद्दा जपून वापरा. मांस खाल्ल्याने कर्करोग होतोच, दूध विष आहे, अशी वाक्ये मी व्हीगन कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकते आणि मला संकोच वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात टाकले हे खरे, पण त्याचा अर्थ ते तंबाखूइतके घातक आहे असा होत नाही, आणि घरचे ताजे मटण म्हणजे प्रक्रिया केलेले मांस नव्हे. अतिशयोक्ती एकदा उघडी पडली की तुमच्या खऱ्या माहितीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. उलट व्हीगन आहारात जे कमी पडते ते तुम्ही स्वतःहून सांगा. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. गोळी किंवा बी-१२ मिसळलेले अन्न घेणे हा पर्याय नसून अट आहे, आणि स्पिरुलिना किंवा आंबवलेले पीठ यांवर विसंबणे धोक्याचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण गर्भवतींमध्ये बी-१२ ची कमतरता फार मोठ्या प्रमाणात असल्याचे दाखवले आहे, आणि त्या स्त्रिया काही व्हीगन नव्हत्या. त्यामुळे रक्ततपासणी घरातल्या सगळ्यांचीच करून घ्या, म्हणजे हा विषय तुमच्यावरचा आरोप न राहता घराची काळजी होईल. गरोदरपणात, तान्ह्या मुलांसाठी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही बदलू नका.

प्रथिनांची भीती मात्र अवास्तव आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. कोरड्या सोयावड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शेंगदाण्यांत पंचवीस, डाळींत वीस-बावीस. एका अंड्यात सहा. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ, ओमेगा-३ साठी जवसाची चटणी, लोहासाठी अळीव, पालेभाज्या आणि त्यावर लिंबू. यातली एकही वस्तू परदेशातून मागवावी लागत नाही.

माझ्या अनुभवात माणसे युक्तिवादाने विचार करू लागतात, पण बदलतात ती ताटामुळे. म्हणून घरी गेल्यावर व्याख्यान न देता एक वेळचा स्वयंपाक तुम्ही करा. रश्श्याची चव ज्यात असते, ते भाजलेले कांदा-खोबरे, तीळ, खसखस, दगडफूल आणि कांदा-लसूण मसाला, ते सगळे मुळात वनस्पतीच आहे. तांबड्या रश्श्यात कच्चा फणस, सुरण, धिंगरी अळंबी किंवा सोयावडी घाला. सोयावडीचा वास न आवडण्याचे कारण बहुधा ती नीट पिळलेली नसते हे असते : मिठाच्या पाण्यात उकळून, गार पाण्यातून काढून, दोनदा घट्ट पिळून मग तेलावर मसाल्यात परतली तर ती रस्सा शोषते. पांढऱ्या रश्श्याला नारळाचे दूध, काजू, तीळ आणि खसखस यांवर चांगला दाटपणा येतो. ज्यांना नक्कल नको असेल त्यांच्यासाठी जुन्नरकडची मासवडी आहे, जी नावाने मासळीची असून सगळी बेसन, तीळ आणि खोबऱ्याची असते. विदर्भातली पाटवडी आहे, कोकणातली ओल्या काजूंची उसळ आहे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि सोलकढी आहे. गोव्याची शाकुती अळंबीची करतातच. पिठले, ठेचा, शेंगोळे, थालीपीठ, मटकीची उसळ हे सगळे लोणी-दही बाजूला ठेवले की आजही व्हीगनच आहे, आणि ते खाताना आपण काही सोडले असे कुणाला वाटत नाही. अडचण येते ती चहाची. सोयापेय उकळत्या चहात घातले की पुष्कळदा फाटते. चहा उतरवून थोडा निवल्यावर, कोमट केलेले पेय वरून घालावे, किंवा आले-गवती चहा घालून कोरा चहा प्यावा. पाकिटावर हिरव्या रंगातले व्हीगन चिन्ह आता अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार छापले जाते, ते पाहून घेता येईल.

तुमच्या घराला मांसाशिवायचे दिवस अपरिचित नाहीत, याचा फायदा घ्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, सगळा श्रावण, नवरात्र, आणि भावकीत एखादा माळकरी असेल तर त्याच्यासाठी वेगळे पातेले, हे सगळे आपण विनातक्रार सांभाळतो. त्या दिवसांची कारणे धार्मिक आहेत आणि ती तशीच असू द्यावीत. तुम्हाला फक्त एवढेच विचारायचे आहे की वारामुळे जे जमते ते कोंबडीसाठी आणखी दोन दिवस जमेल का. गटारीच्या आदल्या दिवशी मात्र हा विषय काढू नये.

बोलताना कोंबडीवाल्या शेतकऱ्याला खलनायक करू नका, कारण तुमच्याच गावात कुणाची तरी शेड असेल. कराराने ब्रॉयलर वाढवणाऱ्याला कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते, आणि किलोमागे ठरलेली वाढणावळ देते. शेडचे कर्ज, वीज, पाणी आणि मजुरी त्याची. पक्ष्याला जास्त जागा देणे त्याच्या हातात नसते. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा काही दिवसांत लाखो पक्षी मारून पुरावे लागले, आणि २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तसे घडले. २०२० च्या सुरुवातीला तर नुसत्या अफवेने भाव इतके पडले की लोकांनी जिवंत कोंबड्या फुकट वाटल्या. एवढे पक्षी एवढ्या जागेत ठेवल्यावर रोग शिरला की तो कुणाच्याच आटोक्यात राहत नाही, आणि त्याची सर्वांत मोठी झळ सगळ्यांत लहान शेतकऱ्याला बसते. कायद्याकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अन्नासाठी प्राणी मारणे गुन्हा नाही, अनावश्यक वेदना देणे गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच लिहिलेला आहे. २०१४ च्या, जल्लीकट्टूवरच्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूक, वेदना, भीती यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वर्तनाची मुभा ही तत्त्वे प्राण्यांच्या बाजूने मान्य केली, तरी पिंजऱ्यातल्या कोंबडीपर्यंत ती अद्याप पोचलेली नाहीत. म्हणून खरेदी करणाऱ्याच्या निर्णयाला महत्त्व येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत मासे-मांस कधीही न खाणारे पुरुष सुमारे १७ टक्के आणि स्त्रिया २९ टक्के निघाल्या. उरलेल्यांनी चिकन-अंडी थोडी कमी केली तर वाचणाऱ्या पक्ष्यांची संख्या, मूठभर माणसे पूर्ण व्हीगन झाल्याने वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी असेल.

राहिली आजी. तिच्या प्रश्नाला मी खोटे उत्तर देणार नाही, तुम्हीही देऊ नये. परसात उकिरडा उकरणारी, संध्याकाळी डालग्यात जाणारी, स्वतः रवणावर बसणारी कोंबडी ब्रॉयलर किंवा लेयरपेक्षा पुष्कळ बरे आयुष्य जगते. तिला शेवटी कापले जाते आणि ते मला मान्य नाही, पण तिची आणि शेडमधल्या पक्ष्याची बरोबरी केलीत तर आजी तुम्हाला अडाणी समजेल, आणि ते योग्यच ठरेल. तिला एवढेच सांगा की पुण्यात 'गावरान' म्हणून महागात विकली जाणारी तपकिरी अंडी पुष्कळदा गावरान नसतात. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, कोंबडी मोकळी होती की पिंजऱ्यात यावर नाही, आणि तपकिरी अंडी देणाऱ्या जातीही पिंजऱ्यात ठेवल्या जातात. आजीला जमत असेल तर तिला एकदा एखाद्या लेयरच्या शेडवर घेऊन जा. ओळखीने आत सोडतात, मात्र रोगराईच्या भीतीने चपला बदलायला लावतील आणि तिच्या परसात कोंबड्या आहेत हे आधी सांगावे लागेल, कदाचित त्यामुळे नकारही मिळेल. तसे झाले तर बाहेरून, जाळीपलीकडून पाहता येते. तिथे तिला काही समजावून सांगू नका. कोंबडी कशी बसते, कशी चालते, केव्हा आजारी असते, हे तिला तुमच्यापेक्षा आणि पुष्कळ बाबतींत माझ्यापेक्षाही जास्त कळते, आणि घरी परतल्यावर काका तुमचे नसले तरी तिचे ऐकतील.